कांजिण्या : लेकीला आल्यात, घरात जाऊ गरोदर आहे, काय काय सांभाळू?

अबोली_नेरूळ | सोमवार, रात्री ११:५०

नमस्कार, घाईघाईत लिहितेय, चुकलंमाकलं समजून घ्या. लेक चिऊ सहा वर्षांची, पहिलीत आहे. शनिवारी संध्याकाळी अंघोळ घालताना पोटावर एक लाल ठिपका दिसला, वाटलं डास चावला असेल, खाडीमुळे आमच्याकडे डास बारा महिने. रात्री थोडी कणकण होती. रविवारी सकाळी बघते तर पाठीवर, मानेवर, केसांत सुद्धा पुटकुळ्या आणि काहींच्यात पाणी भरलेलं, भिजलेल्या साबुदाण्यासारख्या. आज डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी फ्रॉक वर करून एकदा पाठ बघितली आणि म्हणाले कांजिण्याच आहेत.

तिला पंधराव्या महिन्यात कांजिण्यांच्या लसीचा एक डोस दिला होता. दुसरा द्यायची वेळ आली तेव्हा कोविडची दुसरी लाट होती, क्लिनिकची पायरी चढायची भीती वाटायची, तो राहिला तो राहिलाच. याचं मला आज खूप वाईट वाटतंय.

खरी काळजी वेगळी आहे. आमच्याकडे एकत्र कुटुंब, धाकट्या जावेला सहावा महिना चालू आहे. ती चिऊला मांडीवर घेऊन गोष्ट सांगते रोज, शुक्रवारी पण घेतलं होतं. तिला लहानपणी आल्या होत्या का, तिला आठवत नाही. सासूबाई म्हणतात तिला आजच्या आज माहेरी पाठवू. माहेर ठाण्याला कोपरीत. मिस्टरांना लहानपणी आल्या नव्हत्या हे मात्र सासूबाईंना पक्कं आठवतंय.

आणि एक, शाळेच्या व्हॅनमधल्या एका मुलाला पंधरा-सोळा दिवसांपूर्वी कांजिण्या आल्या होत्या हे मला आज कळतंय. कोणीच काही कळवलं नाही, ना शाळेने ना व्हॅनवाल्यांनी.

कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

वर्तकनगरवाली | मंगळवार, सकाळी ६:३५

अबोली, आधी शांत हो. चिऊ बरी होईल, एक डोस झालाय म्हणजे बरंच हलक्यात जाईल. आमच्या मुलाला नवव्या वर्षी आल्या, लस अजिबात दिलेली नव्हती, तीनशेच्या आसपास फोड होते, पापणीच्या कडेला, टाळ्याला, शू करायच्या जागी सुद्धा. तोंडातले फोड फुटले की पाणी पण पिववेना. चार दिवस मऊ भात आणि ताक यावर काढले, गार दही तेवढं खायचा. तिखट-आंबट काही देऊ नकोस, जीभ भाजल्यासारखी होते त्यांची.

आमच्याकडे खरा घोळ नंतर झाला पण ते नंतर लिहिते, डबा करायचाय. मिस्टरांकडे लक्ष ठेव एवढंच आत्ता.

ऐरोलीकर | मंगळवार, सकाळी ८:१०

एवढं घाबरण्यासारखं काही नाही ताई. आमच्या वेळी एका घरात आल्या की आई मुद्दाम सगळ्या चुलत भावंडांना एकाच अंथरुणात झोपवायची, एकदाच येऊन जाऊ देत म्हणून. लहानपणी आलेल्या बऱ्या असं माझं प्रामाणिक मत. लसीला दोन दोन हजार घालवायचे आणि तरी येतातच, तुमच्याकडे आल्याच ना.

डॉ_सोनचाफा | मंगळवार, सकाळी ९:२०

मी ठाण्यात बालरोगतज्ज्ञ आहे. इथे लिहिते ते सर्वसाधारण माहिती म्हणून, औषध तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

अबोली, सगळ्यात आधी जाऊबाईंबद्दल, कारण घड्याळ त्यांचं चालू आहे. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल दुसऱ्याला संसर्ग देतं. म्हणजे शुक्रवारी मांडीवर घेतलं तेव्हाच व्हायचं ते होऊन गेलं असू शकतं, आता माहेरी पाठवून ते मागे फिरत नाही. उलट त्यांना आधी झालेल्या नसतील तर संपर्कानंतर साधारण आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत त्यांच्यापासून दुसऱ्यांना होऊ शकतात. म्हणून माहेरी कोण कोण आहे ते आधी सांगा. आणि आजच त्यांच्या प्रसूतितज्ज्ञांना फोन करून व्हॅरिसेला आयजीजी ही रक्ततपासणी करून घ्या. त्यात अँटीबॉडी दिसल्या तर विषय संपला, त्यांना बहुतेक नकळत होऊन गेल्या असतील. नसतील तर तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन असतं, ते संपर्कापासून १० दिवसांच्या आत आणि जितकं लवकर तितकं चांगलं. ते महाग आहे, सगळीकडे सहज मिळत नाही, म्हणून रिपोर्टला उशीर नको. गरोदरपणात कांजिण्यांची लस देत नाहीत, ती जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची असते.

सहाव्या महिन्यात बाळाला जन्मजात दोष होण्याचा धोका फार कमी, तो मुख्यतः पहिल्या २० आठवड्यांतला. पण गरोदर बाईला स्वतःला न्यूमोनिया होऊ शकतो म्हणून आम्ही घाबरतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाळंतपणाच्या ५ दिवस आधीपासून २ दिवस नंतरपर्यंत आईला पुरळ उठणं, कारण आईच्या अँटीबॉडी बाळापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. तुमच्याकडे ती वेळ नाहीये.

मिस्टरांना आजच लस द्या. संपर्कानंतर ३ दिवसांत सगळ्यात उपयोगी, ५ दिवसांपर्यंत देतात. कांजिण्या टळतात किंवा निदान हलक्या येतात. घरात गरोदर बाई आहे म्हणून इतरांनी लस टाळायची गरज नसते.

अबोली_नेरूळ | मंगळवार, सकाळी ९:४५

डॉक्टर, माहेरी तिच्या बहिणीचं दोन महिन्यांचं बाळ आहे!! बॅग भरून झाली होती, दीर रिक्षा बघायला खाली उतरलेले, थांबवलं त्यांना. किती किती आभार मानू तुमचे. रक्त तपासायला निघालोय, मिस्टर हाफ डे टाकून लस घ्यायला जातायत.

माई_नौपाडा | मंगळवार, दुपारी २:००

अबोली, मी ७४ वर्षांची आहे, माझा जुना अनुभव लिहिते. आमच्या लहानपणी कांजिण्या म्हटलं नाही कोणी, 'आई आल्यात' म्हणायचे. घरात फोडणी बंद, तळण बंद, दारात कडुलिंबाची डहाळी. ती डहाळी दिसली की बाहेरचं कोणी उंबरा ओलांडत नसे. सगळं सरलं की दहीभाताचा नैवेद्य आणि आईबरोबर माहीमच्या शीतळादेवीला जायचं.

तेव्हा देवी रोगाची साथ पण होती आणि दोन्हीची नावं लोक एकात एक करायचे. आमच्या वाड्यात एक काका होते, देवीने त्यांचा एक डोळा गेला होता, चेहरा सगळा वणांचा. देवी आता जगातून गेली, भारतात शेवटचा रुग्ण १९७५ साली आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. माझ्या दंडावर ती लस टोचल्याची खूण अजून आहे, नातवंडांना दाखवते.

तुझ्या सासूबाई काही करत असतील तर करू दे. फक्त औषध बंद करायला लावलं तर ऐकू नकोस. माझ्या धाकट्या बहिणीला देवीचा कोप होईल म्हणून औषध दिलं नव्हतं, पायावरच्या फोडात पू झाला, महिनाभर चालता येत नव्हतं तिला. मला ते रडणं अजून आठवतं.

अबोली_नेरूळ | मंगळवार, दुपारी ३:१५

माई, वाचून डोळ्यात पाणी आलं. सासूबाईंनी कालच कडुलिंबाचा पाला आणून गादीखाली घातलाय आणि खाज आली की कोवळ्या डहाळीने हळूच अंगावरून फिरवतात, चिऊला ते आवडतं, नखं लागत नाहीत. त्या औषधाला नाही म्हणत नाहीत, फक्त अंघोळ नको म्हणतात पाच दिवस. डॉक्टर, अंघोळीचं काय?

डॉ_सोनचाफा | मंगळवार, सायंकाळी ५:३०

अंघोळ घालाच, कोमट पाण्याने, न चोळता, टॉवेलने टिपून कोरडं करायचं. कडुलिंबाची पानं पाण्यात टाकायची असतील तर टाका, आजींचं मन राहील. अंग स्वच्छ राहिलं तर फोडात जंतू शिरत नाहीत. मुलांमध्ये जो त्रास वाढतो तो बहुतेक वेळा खाजवून झालेल्या इन्फेक्शनमुळे. नखं रोज कापा, झोपताना हातात सुती मोजे घाला. कॅलामाइन लोशन चालेल, डोळे आणि तोंडाच्या आत नको. रात्री खाजेने झोप नसेल तर डॉक्टर अँटीहिस्टामिन देतात.

आणि हे मोठ्ठ्या अक्षरात वाचा सगळ्यांनी. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही, कांजिण्यांत त्याने रेज सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा जीवघेणा आजार होऊ शकतो. आयब्युप्रोफेन पण नको, त्याचा कांजिण्यांतल्या गंभीर त्वचेच्या इन्फेक्शनशी संबंध दिसलाय. घरातल्या लाल-केशरी सिरपच्या बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा, बऱ्याच बाटल्यांत पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन किंवा मेफेनामिक अ‍ॅसिड असतं आणि आपण सवयीने ओततो.

फोड किती आहेत साधारण?

अबोली_नेरूळ | मंगळवार, सायंकाळी ६:१०

मोजले, साठ-सत्तर. काही वाळलेत, काही नवीन येतायत.

डॉ_सोनचाफा | मंगळवार, रात्री ९:००

हेच कांजिण्यांचं लक्षण, लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली एकाच अंगावर एकाच वेळी. तीन-चार दिवस नव्या लाटा येतात. लस न घेतलेल्या मुलाला अडीचशे ते पाचशे फोड येतात, त्यामानाने साठ-सत्तर कमी, तुमच्या एका डोसाचंच हे काम. पण पन्नासच्या वर फोड असले की लस घेतलेलं मूल सुद्धा न घेतलेल्या इतकंच पसरवतं, त्यामुळे सगळ्या खपल्या धरेपर्यंत शाळा, क्लास, गार्डन बंद.

ऐरोलीकर, तुमच्या मुद्द्याबद्दल. बहुतेक मुलं बरी होतात हे खरंच आहे. पण कुठल्या मुलाला जड जाणार हे आधी ओळखता येत नाही. अमेरिकेत १९९५ ला लस येण्याआधी दरवर्षी ४० लाखांच्या आसपास केसेस, दहा हजारांवर लोक हॉस्पिटलात आणि शंभर ते दीडशे मृत्यू व्हायचे, त्यातली बरीच मुलं आधी धडधाकट होती. म्हणून मुद्दाम एका अंथरुणात झोपवू नका कोणाला.

वर्तकनगरवाली | मंगळवार, रात्री १०:२०

सकाळचं अर्धवट राहिलेलं लिहिते. मुलगा बरा होऊन शाळेत गेला आणि बरोब्बर पंधराव्या दिवशी ह्यांना ताप, वय ३८. आम्हाला वाटलं ऑफिसचा दगदग, ट्रान्सहार्बर लोकलची गर्दी, व्हायरल असेल. दुसऱ्या दिवशी अंगभर फोड, चौथ्या दिवशी खोकला आणि जिना चढताना धाप. एक्सरेत दोन्ही फुप्फुसांवर डाग. सहा दिवस अ‍ॅडमिट, त्यातले दोन आयसीयूत. डॉक्टर म्हणाले मोठ्यांना कांजिण्यांचा न्यूमोनिया होतो आणि सिगारेट ओढणाऱ्यांना जास्त. हे ओढायचे. आता नाही ओढत.

त्या सहा दिवसांत मुलगा सारखा विचारायचा, माझ्यामुळे बाबा आजारी पडले का. ऐरोलीकर दादा, राग मानू नका पण लहानपणी आलेल्या बऱ्या हे वाक्य मला आता ऐकवत नाही, कारण त्या लहान मुलापाशी थांबत नाहीत.

ऐरोलीकर | बुधवार, सकाळी ७:५०

ताई, राग कसला. मला हे माहीत नव्हतं. धाकटी तीन वर्षांची आहे, लस राहिलीये तिची. या शनिवारी नेतो.

समीप_घोडबंदर | बुधवार, दुपारी १:३०

आमच्या लेकीच्या वेळचं सांगतो, उपयोग होईल. फोड वाळत आले, ताप गेला, आम्ही निवांत. आठव्या दिवशी ती उठली आणि भिंतीला धरून चालायला लागली, तोल जात होता, चमचा तोंडाशी नेताना हात हलत होता. बायको म्हणाली अशक्तपणा असेल, मला ते बघवेना, तसाच गाडीत घातलं. अ‍ॅडमिट केलं, छोट्या मेंदूला सूज येते म्हणे कांजिण्यांनंतर क्वचित. तीन आठवड्यांत पूर्ण ठीक झाली, आता सायकल चालवते. पण तो आठवडा मी कोणावर आणू इच्छित नाही. ताप जाऊन परत आला, किंवा मूल गुंगीत आहे, सारखं ओकतंय, चाल बदलली, एखाद्या फोडाभोवती लाल होऊन गरम लागतंय, तर सकाळची वाट बघू नका.

बाकी एक वाचलेलं सांगतो. ही लस ज्यांनी बनवली ते जपानचे मिचिआकी ताकाहाशी, त्यांच्या स्वतःच्या लहान मुलाला १९६४ मध्ये कांजिण्या खूप जोरात आल्या होत्या, त्या रात्रींनंतर त्यांनी कामाला हात घातला आणि १९७४ मध्ये लस तयार होती. ज्या पोराच्या फोडातला विषाणू घेतला त्याचं आडनाव ओका, म्हणून आजही त्या विषाणूला ओका स्ट्रेन म्हणतात. भिंतीला धरून चालणारी पोरगी बघितली असल्यामुळे मला त्या बापाचं फार जवळचं वाटतं.

खाडीकिनारा_कळवा | बुधवार, रात्री ८:४५

आमच्याकडे उलटं झालं. वडिलांना कमरेला नागीण झाली होती, नातू त्यांच्या कुशीत झोपायचा, तीन आठवड्यात नातवाला कांजिण्या. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं की दोन्हीचा विषाणू एकच. शेजारचे मात्र नागिणीने विळखा पूर्ण केला की माणूस जातो असं सांगून वडिलांना घाबरवत होते, ते बिचारे रोज आरशात बघायचे कुठवर आलीये.

डॉ_सोनचाफा | बुधवार, रात्री ९:३०

विळख्याचं खोटं आहे, ती एका नसेच्या पट्ट्यात येते आणि बहुतेक वेळा मधल्या रेषेपाशी थांबते. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू नसांच्या मुळाशी झोपून राहतो, म्हातारपणी किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की नागीण म्हणून उठतो. तिच्या फोडातल्या पाण्याचा संपर्क आला तर ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत त्याला कांजिण्या होतात. फोड कपड्याने झाकून ठेवले, बाळाला जवळ घेतलं नाही तर बराच धोका टळतो. लस घेतलेल्या मुलांना पुढे नागीण होण्याचं प्रमाणही कमी दिसतं.

दहावीची_आई | गुरुवार, सकाळी ११:१०

वाचतेय सगळं. मोठ्याला बोर्डाच्या तोंडावर आल्यात, १५ पूर्ण. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध चालू केलं. लहान मुलांना का देत नाहीत हे?

डॉ_सोनचाफा | गुरुवार, दुपारी २:२०

धडधाकट लहान मुलांना त्याची सहसा गरज पडत नाही. बारा वर्षांच्या पुढे, दमा किंवा एक्झिमा असेल, स्टिरॉइड चालू असतील, घरातला दुसरा पेशंट असेल तर देतो, आणि पुरळ उठल्यापासून २४ तासांत सुरू केलं तर फायदा जास्त. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलंय. परीक्षेचं शाळेला लगेच कळवा, लपवून वर्गात बसवू नका, वेगळी बसायची सोय करा म्हणून विनंती करा.

अबोली_नेरूळ | गुरुवार, रात्री १०:४०

रिपोर्ट आला!! जावेच्या अँटीबॉडी आहेत, पॉझिटिव्ह. तिच्या आईला फोन लावला तेव्हा त्यांना आठवलं, चौथीत असताना मामाकडे अलिबागला गेली होती तेव्हा अंगावर थोडं पुरळ आलेलं, घामोळं समजले होते. आम्ही सगळे हॉलमध्ये बसून रडलो. आता बाळंतपणापर्यंत माहेरी राहील, डॉक्टरांनी हरकत नाही म्हणून सांगितलं.

चिऊला आज नवीन फोड नाहीत.

दुसरं एक. मंगळवारीच मी वर्गाच्या पालक ग्रुपवर स्पष्ट लिहिलं, चिऊला कांजिण्या आहेत, शुक्रवारी ती शाळेत होती, ज्यांच्या घरी गरोदर कोणी किंवा लहान बाळ असेल त्यांनी डॉक्टरांना विचारा. दोघीतिघींनी कळवलं की एवढं जाहीर कशाला, मुलीला वर्गात चिडवतील. मला क्षणभर वाटलं चुकले का. मग संध्याकाळी एका आईचा फोन. तिच्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम हा किडनीचा आजार आहे, स्टिरॉइड चालू असल्यामुळे त्याला लस देता आली नव्हती, आणि तो चिऊच्याच बाकावर बसतो. माझा मेसेज वाचून ते लगेच त्यांच्या डॉक्टरांकडे पळाले, मुंबईत एका ठिकाणी ते अँटीबॉडीचं इंजेक्शन मिळालं, कालच दिलं. व्हॅनमधल्या मुलाच्या घरच्यांनी पंधरा दिवसांपूर्वी दोन ओळी लिहिल्या असत्या तर, एवढंच मनात येतं सारखं. त्यांना दोष देत नाही, मी पण आधी असते तर कदाचित नसतं लिहिलं.

माई_नौपाडा | शुक्रवार, सकाळी ६:००

आमच्या दारातली कडुलिंबाची डहाळी म्हणजे तुझा तो मेसेजच बघ. चांगलं केलंस पोरी.

पहिलटकर_खारघर | शुक्रवार, दुपारी १२:१५

लसीबद्दल विचारते, माझं बाळ १३ महिन्यांचं आहे. सरकारी केंद्रात विचारलं तर नाहीये म्हणाले.

डॉ_सोनचाफा | शुक्रवार, रात्री ८:००

ती सरकारी लसीकरणात नाही, खासगीत विकत घ्यावी लागते, आणि ज्यांना परवडत नाही त्या आयांसाठी मला याचं मनापासून वाईट वाटतं. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात पहिला डोस १५ महिन्यांना आणि दुसरा १८-१९ महिन्यांना आहे. राहून गेला असेल तर मोठेपणीही देता येतो, तेराच्या पुढे चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन. दुसरा चुकवू नका.

अबोली_नेरूळ | दोन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ९:१०

धागा वर काढतेय. काल मिस्टरांच्या छातीवर फोड दिसले, लस घेऊन सुद्धा. पण बारा-पंधराच आहेत, ताप ९९ च्या पुढे गेला नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते आठव्या दिवसापासूनच घरून काम करत होते आणि वेगळ्या खोलीत झोपत होते. असायक्लोव्हिर लगेच सुरू केलं. वर्तकनगरवाली ताई, तुमची पोस्ट त्यांना वाचून दाखवली, दिवसातून चारदा विचारते धाप लागते का, नाही लागत.

चिऊ शाळेत जातेय. सगळ्या खपल्या आपोआप पडल्या, कपाळावरची एक तिने झोपेत ओरबाडली, तिथे खळगा राहिलाय.

वर्तकनगरवाली | रविवार, सकाळी ९:४०

अगं वाचून हायसं वाटलं. खळगा भरत येतो वर्षभरात बराचसा. उन्हात पाठवताना टोपी घाल, नाहीतर डाग काळा पडतो.

अबोली_नेरूळ | आणखी दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:३०

चिऊच्या बाकावरच्या त्या मुलाच्या आईचा आत्ता मेसेज आला. ते इंजेक्शन घेतलं की २१ च्या ऐवजी २८ दिवस लक्ष ठेवायला सांगतात. ती रोज रात्री टॉर्च घेऊन त्याची पाठ बघत होती. काल २८ पूर्ण झाले, एकही फोड नाही. सोमवारी शाळेत येतोय म्हणाली, आणि चिऊने आत्ताच त्याच्यासाठी खोडरबर बाजूला काढून ठेवलंय.